ब्रशचा पेला उलटा करून बघा

हे वाचता वाचता एकदा उठा आणि बेसिनवरचा ब्रशचा पेला हातात घ्या. ब्रश बाजूला ठेवा, पेला रिकामा करा आणि तळाला बोट लावा. बुळबुळीत लागलं? उजेडात धरलंत तर एक थर दिसेल. कुठे पांढुरका, कुठे राखाडी, कुठे गुलाबीसर. ब्रशच्या दांड्यावरून रोज दोनदा ओघळलेलं पाणी, त्यातला पेस्टचा फेस, थोडी थुंकी आणि नळाच्या पाण्यातले क्षार असं सगळं तिथे साचलेलं असतं. आपण ब्रश धुतो, बेसिन घासतो, आरसा पुसतो. पेल्याच्या तळाशी डोकावायचं मात्र राहूनच जातं.

२०११ मध्ये एनएसएफ या अमेरिकी संस्थेने मिशिगन राज्यातल्या २२ कुटुंबांच्या घरातल्या रोजच्या वस्तू तपासल्या. विष्ठेशी नातं सांगणारे कोलिफॉर्म जिवाणू कुठे सापडतात ते त्यांना बघायचं होतं. पहिला नंबर लागला भांडी घासायच्या स्पंजचा, ७५ टक्के. दुसरा स्वयंपाकघरातल्या सिंकचा, ४५ टक्के. आणि तिसरा नंबर ब्रश ठेवायच्या स्टँडचा, २७ टक्के! दात स्वच्छ करायची वस्तू जिथे दिवसभर उभी असते, ती जागा घरातल्या सगळ्यात अस्वच्छ जागांमध्ये तिसरी.

त्या गुलाबीसर छटेचीही एक गंमत आहे. बाथरूममधल्या ओलसर कोपऱ्यात, पेल्याच्या तळाशी, शॉवरच्या पडद्यावर दिसणारा गुलाबी थर पुष्कळदा सेराशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूचा असतो. १८१९ मध्ये उत्तर इटलीत पदुआजवळच्या एका गावात मक्याच्या पिठाची शिजवून ठेवलेली पोलेंटा रक्तासारखी लाल झाली आणि गावकऱ्यांनी सैतानाचा कोप म्हणून धसका घेतला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधतज्ज्ञाने तपास केला आणि हे सूक्ष्मजीवाचं काम असल्याचं दाखवून दिलं. तोच हा जीव. त्याला हवी असते फक्त ओल.

ब्रशच्या स्वच्छतेची सगळी गोष्ट या एका शब्दाभोवती फिरते. ओल गेली की निम्म्याहून जास्त काम झालं.

तोंडातलं गाव

आपल्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती आढळतात. सगळ्या एकाच माणसाच्या तोंडात नसतात, पण प्रत्येकाच्या तोंडात एक भरगच्च गाव वसलेलं असतं. त्यातले बहुतेक रहिवासी निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगीही. ब्रश तोंडात फिरला की त्यातले थोडे त्याच्याबरोबर बाहेर येणारच. म्हणून ‘ब्रशवर जंतू सापडले’ असं वाचून दचकू नका. ते तिथे नसते तरच नवल.

हे गाव पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. अंतोनी व्हान लेव्हेनहुक स्वतःच भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की आपल्या दातांवरचा पांढरा थर पाण्यात कालवून पाहिला तर त्यात इवलेइवले जीव वळवळताना दिसले. आणि हा माणूस रोज सकाळी मिठाने दात घासणारा होता, बरं का!

त्याच पत्रातली पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने कडक व्हिनेगरची चूळ भरली आणि पुन्हा दातांवरचा थर खरवडून पाहिला. जीव जिवंतच! पण तोच थर काढून थेट व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा ते मेले. नुसत्या चुळीने व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोचतच नव्हतं. सव्वातीनशेहून अधिक वर्षं झाली या निरीक्षणाला, आणि ब्रश नुसता औषधी पाण्यात बुचकळून काढला की झालं, असं मानणाऱ्यांना ते आजही उत्तर देतं. चिकट थर आधी चोळून मोडावा लागतो. म्हणून ब्रश धुताना नुसता धारेखाली धरून भागत नाही. अंगठ्याने केस उलटसुलट चोळत, मुळाशी अडकलेली पेस्ट निघेपर्यंत धुवायचा. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे.

रोज नवा ब्रश

कोकणात आमच्या घरी आजी पहाटे अंगणात उभी राहून करंजाची नाहीतर कडुनिंबाची काडी मोडून घ्यायची. टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा, दात घासायचे, मग काडी उभी चिरून तिच्याच फाकेने जीभ खरवडायची आणि दोन्ही तुकडे माडाच्या आळ्यात. दुसऱ्या दिवशी नवी काडी. आजीचा ब्रश कधी शिळा झालाच नाही. ठेवायचाच नव्हता, तर ओला राहायचा प्रश्न कुठे आला?

या काडीचं मापसुद्धा ठरलेलं होतं. सुश्रुतसंहितेत दातण बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, सरळ, बिनगाठीचं आणि कीड-व्रण नसलेलं असावं असं सांगितलंय. शेवटची अट वाचताना मन हरखतं. दात घासायची वस्तू आधी स्वतः निरोगी असावी, हा विचार किती जुना आहे!

बौद्ध भिक्षूंच्या नियमांत माप वेगळं आहे: आठ अंगुळांहून लांब नको, चार अंगुळांहून आखूड नको. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दोन्ही आकड्यांमागची कारणंही दिली आहेत. काही वांड भिक्षू लांबलचक दातणांनी लहान सामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्षूंना, मारू लागले, म्हणून वरची मर्यादा आली. आणि एकाच्या घशात आखूड दातण अडकलं, म्हणून खालची. सातव्या शतकात नालंदेत राहून गेलेला चिनी प्रवासी यिजिंग यानेही दातणाबद्दल तपशिलाने लिहून ठेवलंय. वापरून झाल्यावर काडी मोडून जीभ साफ करण्याची रीत त्याच्या वर्णनात आहे. आजी नेमकं तेच करायची.

राखुंडी आणि दंतमंजन लावणाऱ्यांची अवजारं तर हाताचीच. बोट धुतलं, पंचाला पुसलं, संपलं. (मशेरीला मात्र या यादीत जागा नाही. ती भाजलेली तंबाखू आहे आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी करते.)

डुकराचा केस आणि नायलॉनचा पहिला संसार

केसांचा ब्रश आला चीनमधून. पंधराव्या शतकातले तिथले कारागीर थंड प्रदेशातल्या रानडुकरांच्या मानेवरचे राठ केस हाडाच्या नाहीतर बांबूच्या दांडीत बसवायचे. पुढे १७८० च्या सुमारास लंडनच्या विल्यम ॲडिसने इंग्लंडमध्ये ब्रशांचा कारखानाच काढला. तुरुंगात असताना जेवणातल्या हाडाला भोकं पाडून, त्यात केस ओवून त्याने पहिला नमुना केला, असं सांगतात.

या केसांत एक मोठी खोट होती. प्राण्याचा केस आतून सच्छिद्र. तो पाणी शोषून धरायचा, सावकाश वाळायचा आणि तेवढ्या वेळात जिवाणूंना आतपर्यंत घर मिळायचं. वर तो गळायचाही. म्हणजे ब्रश रोज थोडा कुजत असायचा.

मग २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनचे केस लावलेला ब्रश विक्रीला आला. नायलॉन म्हटलं की आपल्याला साड्या, दोर, मोजे आठवतात. पण बाजारात नायलॉनने पहिलं पाऊल टाकलं ते टूथब्रशमधून. बायकांचे प्रसिद्ध नायलॉनचे मोजे अमेरिकाभर दुकानांत आले १९४० मध्ये, दोन वर्षांनी. त्या पहिल्या ब्रशचं नाव होतं ‘डॉक्टर वेस्ट्स मिरॅकल टफ्ट’ आणि तो बंद काचेच्या नळीत घालून विकत. निर्जंतुकपणा हीच त्याची जाहिरात होती! सुरुवातीचं नायलॉन इतकं कडक होतं, की हिरड्या सोलवटायच्या. मऊ केसांसाठी लोकांना १९५० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

पुंजक्याच्या मुळाशी

जुना ब्रश टाकण्याआधी एकदा पकडीने त्यातला एक पुंजका उपटून बघा. मी बघितला. केस उपटले की ते इंग्रजी यू अक्षरासारखे मधोमध दुमडलेले निघतात, आणि त्या दुमडीत अडकलेला असतो पितळेसारखा दिसणारा धातूचा इवला तुकडा. स्टेपलरच्या पिनेसारखा तोच केसांना भोकात दाबून धरतो. एका ब्रशच्या डोक्यात अशी तीस-चाळीस भोकं असतात. भोक खोल, केस दाटीवाटीने उभे. दोन केसांमधल्या फटीत पाणी आपोआप वर चढतं, धरून राहतं. म्हणून ब्रश वरून कोरडा वाटला तरी मुळाशी ओलाच असतो. अंगठ्याने केस वाकवून बघा, सकाळचा थेंब संध्याकाळीही सापडेल.

म्हणून धुऊन झाल्यावर ब्रश बेसिनच्या कडेवर दोन-तीनदा टकटक आपटायचा. पाणी झटकलं जातं. मग डोकं वर करून उभा ठेवायचा, म्हणजे उरलेलं पाणी खाली निथळतं. आडवा ठेवला की ते केसांतच बसून राहतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्लाही असाच साधा आहे: धुवा, उभा ठेवा, उघड्या हवेत वाळू द्या.

जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांहून जास्त दमट असते. धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे ब्रश काय वाळणार? अशा दिवसांत घरातल्या प्रत्येकाने दोन ब्रश ठेवावेत, एक सकाळचा, एक रात्रीचा. प्रत्येकाला वाळायला चोवीस तास मिळतात. बांबूच्या दांड्याचे ब्रश वापरणाऱ्यांनी तर पावसाळ्यात जास्तच जपायला हवं. दांड्याचं खालचं टोक पेल्यातल्या पाण्यात राहिलं की काळं पडतं, बुरशी धरतं. तो फडक्याने पुसून, पेल्याऐवजी खुंटीला अडकवलेला बरा.

आणि पेल्यात चार ब्रश कोंबले की त्यांची डोकी एकमेकांना टेकतात. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे ओल्याबरोबर सुकंही भिजतं. वर एकाच्या तोंडातलं गाव दुसऱ्याच्या गावी मुक्कामाला जातं. प्रत्येकाला वेगळा खण असलेला, तळाला भोकं असलेला स्टँड सगळ्यात चांगला. आठवड्यातून एकदा तो भांड्यांबरोबर साबणाने घासायचा आणि उपडा घालून वाळवायचा.

फ्लशची फवार

आता सगळ्यांना घाबरवणारी गोष्ट. १९७५ मध्ये चार्ल्स गर्बा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कमोड फ्लश केल्यावर जिवाणू आणि विषाणू असलेले बारीक थेंब हवेत उडतात आणि बाथरूमभर खाली बसतील इतका वेळ तरंगत राहतात. २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी हिरवा लेझर टाकून ती फवार डोळ्यांना दिसेल अशी केली. झाकण नसलेल्या सार्वजनिक कमोडमधून ती सेकंदाला दोन मीटरपर्यंतच्या वेगाने वर उसळली आणि आठ सेकंदांत दीड मीटर उंच गेली. आपल्या बेसिनवरचा ब्रश साधारण किती उंचीवर असतो, ते मोजून बघा.

झाकण लावून फ्लश करा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. जरूर लावा, मोठे थेंब तरी अडतील. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात पुन्हा गर्बाच होते, झाकण लावल्याने विषाणूंच्या पसरण्यात विशेष फरक पडला नाही. फवार फटीतून बाजूने निघते. ब्रश दूर ठेवणं हाच खरा उपाय.

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. वाड्यात संडास परसात. गिरगाव-लालबागच्या चाळीत मजल्याच्या टोकाला. ब्रश असायचे घरात, मोरीच्या कट्ट्यावर नाहीतर गॅलरीच्या खिळ्याला, भर वाऱ्यात. फ्लॅट आले, संडास-बाथरूम एकत्र झालं आणि ब्रश कमोडच्या शेजारी येऊन बसला, त्यातही अशा खोलीत जिला कधीकधी खिडकीच नसते. जुन्या काळात सगळंच चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही, चाळीतल्या संडासाच्या रांगेची आठवण कोणालाच सुखाची नाही. पण ब्रशची जागा त्यांची बरोबर होती. तुमच्या घरात बाथरूमबाहेर बेसिन असेल तर ब्रश तिथे हलवा. नसेल तर कमोडपासून जमेल तितका लांब आणि खिडकीच्या जमेल तितका जवळ.

दिलासा देणारी बातमीही आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांकडून वापरलेले ब्रश मागवून त्यांवरचे जिवाणू तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: ब्रशवरची वस्ती बहुतांशी तोंडातलीच आहे, संडासातली नव्हे. त्याच गटाला पुढे २०२४ मध्ये ब्रशांवर आणि शॉवरच्या तोटीवर मिळून ६०० हून अधिक विषाणू सापडले, पण तेही माणसाला त्रास देणारे नव्हेत, जिवाणूंना खाणारे! एवढ्याशा ब्रशवर शिकार आणि शिकारी दोघं नांदतात.

झुरळं मात्र खरी. रात्री दिवा लावला की बेसिनवरून पळणारं झुरळ ब्रशवरून फिरून आलेलं असू शकतं. पेस्टचे आणि अन्नाचे कण त्याला हवेच असतात. जिथे झुरळांचा सुळसुळाट आहे तिथे ब्रश भिंतीला टांगलेला बरा, आणि सकाळी वापरण्याआधीही एकदा धुवायचा.

टोपी घातली की कोंडतो

प्रवासाला निघताना ओला ब्रश टोपीत, टोपीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी. रातराणीने कोल्हापूरहून मुंबईला पोचेपर्यंत आत छान उबदार, दमट हवा तयार होते. ब्रशचा वास घेऊन बघा, कळेल. भोकं असलेली टोपी घ्या, निघण्याआधी केस कोरड्या रुमालात दाबून पाणी टिपा, आणि मुक्कामी पोचल्याबरोबर टोपी काढून ब्रश उघडा ठेवा. घरात टोपीची गरजच नाही.

इलेक्ट्रिक ब्रशवाल्यांनी डोकं काढून आतल्या दांडीभोवती बघावं. तिथे पेस्टची काळपट खळ साचते. ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रातल्या अभ्यासात, २०१४ मध्ये, आतून पोकळ डोक्याच्या ब्रशांत भरीव डोक्याच्या ब्रशांपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू आढळले. कारण तेच: आतल्या पोकळीत पाणी राहतं.

उष्टं म्हणजे उष्टं

आपल्याकडे उष्ट्याचा नियम कडक. एकाने पेल्याला तोंड लावलं की त्यातलं पाणी दुसरा पीत नाही. तरी पाहुणा ब्रश विसरला की ‘घे रे माझाच’ म्हणणारे प्रेमळ लोक असतात, आणि नवराबायकोचा ब्रश अदलाबदल झालेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र मी हट्टाने सांगेन: नको. घासताना हिरड्यांतून डोळ्यांना न दिसणारं रक्त येतं. कावीळ घडवणारा हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि रक्त लागलेला ब्रश ही त्याची एक वाट आहे. हेपटायटिस सीचंही तसंच. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, जो १९२४ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, तो लहान बाळाच्या तोंडात येतो तो बहुतेकदा आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून. बाळाचा ब्रश मोठ्यांच्या ब्रशांपासून वेगळा, त्याच्या स्वतःच्या पेल्यात ठेवा. आणि घरात एखादा कोरा ब्रश पाहुण्यांसाठी जादा असू द्या, वीस-पंचवीस रुपयांचा प्रश्न आहे.

उकळायचा की नाही?

नाही. उकळत्या पाण्यात केस वाकडेतिकडे होतात आणि मऊ टोकं बिघडतात. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही; पुंजक्याच्या मुळाशी बसलेला तो धातूचा तुकडा आठवा. निळ्या दिव्याच्या पेट्या मिळतात, पण तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो आणि दाट केसांच्या सावलीत पोचत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते की निरोगी माणसाला यातलं काही लागत नाही. डेटॉल-फिनाइलमध्ये ब्रश बुडवणारे लोक मी पाहिलेत. ती औषधं जमिनीसाठी आणि जखमेसाठी आहेत, तोंडात घालायच्या वस्तूसाठी नव्हेत.

मनाला बरं वाटावं म्हणून काही करायचंच असेल तर जंतुनाशक माउथवॉशमध्ये किंवा तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ब्रश थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. जिवाणू कमी होतात. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव बदललेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून ब्रशची व्यवस्था ठरवावी. त्यांच्यासाठी ही चैन नाही.

घसा दुखून गेला, की ब्रश फेकून द्यायचा असं आपण ऐकत आलो. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास मांडला. घशाला स्ट्रेप जिवाणूचा संसर्ग झालेल्या मुलांच्या ब्रशांवर त्यांनी तो जिवाणू वाढतो का ते पाहिलं. आजारी मुलांच्या एकाही ब्रशवर तो वाढला नाही. तरी आजारी माणसाचा ब्रश इतरांच्या ब्रशांना टेकणार नाही असा वेगळा ठेवाच.

ब्रश ज्या पाण्याने धुतो, त्याचीही काळजी हवी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे आजाराचे रुग्ण वाढले आणि पाणी उकळून प्यायच्या सूचना आल्या. अशा वेळी चूळ भरायला आणि ब्रश धुवायलाही उकळून गार केलेलंच पाणी घ्यायचं, हे पटकन सुचत नाही. आणि पुराचं पाणी घरात शिरून ब्रश भिजला असेल, तर तो धुऊन वापरायचा नाही, टाकून द्यायचा.

आकाशातला ब्रश

अंतराळ स्थानकात बेसिन नाही, नळ नाही, थुंकायची सोय नाही. कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी तिथून दात घासून दाखवले: ब्रशवर पाण्याचा गोळा चिकटवायचा, घासायचं आणि पेस्ट सरळ गिळून टाकायची. ब्रश धुवायचा तोही पाण्याचा थेंब लावून, तोंडानेच ओढून.

पण ब्रशचा सगळ्यात मोठा पराक्रम त्याआधीचा. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस स्थानकावरचा वीजपुरवठ्याचा एक डबा जागेवर बसेना. बोल्ट जिथे शिरतो तिथे धातूचा कीस अडकला होता. सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे यांनी उपलब्ध सामानातून अवजारं बनवली. त्यातलं एक होतं टूथब्रश लावून केलेलं! ५ सप्टेंबरला दोघं बाहेर पडले, सहा तासांहून जास्त वेळ पोकळीत काम केलं, खाचा साफ केल्या, आणि डबा बसला. अब्जावधींचं स्थानक दात घासायच्या ब्रशने मार्गी लागलं, हे वाचून मी तेव्हा घरभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तीन महिन्यांनी

दर तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायचा. केस त्याआधी फाकले तर त्याआधीच. फाकलेले केस दातांच्या फटीत शिरत नाहीत आणि घाण जास्त धरतात. तारीख लक्षात राहत नसेल तर सणांवर ठेवा: संक्रांत, अक्षय्यतृतीया, गणपती, दिवाळी. मधलं अंतर कमीजास्त होतं, पण घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकदम बदलले जातात. नव्या ब्रशच्या दांड्याला प्रत्येकाचा ठरलेला रंग असू द्या.

जुना ब्रश आपल्या घरात मरत नाही. पायजम्याची नाडी ओवायला, शर्टाच्या कॉलरी घासायला, केसांना कलप लावायला, शिलाई मशीनच्या दाताळ्यातली लव काढायला, सायकलच्या चेनला. फक्त देवांच्या पितळी मूर्ती घासायला तो घेत नाहीत, तोंडात गेलेला असतो ना. त्यासाठी कोरा ब्रश वेगळा ठेवलेला असतो. कामकरी ब्रश चुकून पुन्हा बेसिनवर जाऊ नये म्हणून आई त्याच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते आणि तो मशीनच्या खणात टाकते.